फोनवर सिनेमा: शटर १/५० वर बांधून ठेवा

शॉन बेकरचा 'टॅन्जरीन' (२०१५) आयफोन ५एसवर चित्रित झाला, हे सगळे सांगतात. फोनच्या पुढे अ‍ॅनामॉर्फिक लेन्स (चित्र रुंद पडद्याचं करणारी लेन्स) लावली होती आणि फोकस व एक्स्पोजर (चित्रात किती उजेड घ्यायचा ते) लॉक करायला फिल्मिक प्रो अ‍ॅप वापरलं होतं, हे मात्र सांगायचं राहून जातं. खरी मेख तिथेच आहे. फोन क्षणाक्षणाला आपल्या मनाने निर्णय घेतो, आणि पात्र खिडकीजवळून गेलं की शॉटच्या मधेच उजेड आणि रंग बदलतात.

म्हणून आधी मॅन्युअल अ‍ॅप, म्हणजे सगळ्या सेटिंग हाताने ठरवू देणारं अ‍ॅप घ्या. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे अ‍ॅप मोफत आहे. थिएटरचा विचार असेल तर सेकंदाला २४ फ्रेम निवडा. २५ वर केलेला १०० मिनिटांचा सिनेमा २४ वर चालवला तर १०४ मिनिटांचा होतो आणि आवाजही खाली उतरतो.

शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला उजेड मिळण्याचा वेळ, २४ फ्रेमला सहसा १/४८ सेकंद ठेवतात. तुम्ही मात्र १/५० ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/५० सेकंदात बरोबर दोन लुकलुकी मावतात, म्हणून प्रत्येक फ्रेमला सारखाच उजेड मिळतो. १/४८ ला हिशेब थोडा चुकतो आणि भिंतीवरचा उजेड हलकेच कमीजास्त होऊ लागतो. फोनच्या छोट्या स्क्रीनवर ते दिसत नाही, थिएटरच्या पडद्यावर दिसतं. लोकेशन बघायला जाल तेव्हा शटर १/१००० करून प्रत्येक दिवा तपासा. पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा लुकलुकणारा आहे. डिमरवरचे काही एलईडी वेगळ्याच गतीने लुकलुकतात. त्यांना १/५० चाही उपयोग नाही, ते बदलावेच लागतात.

शटर बांधलं की दुपारच्या उन्हाचं काय? बहुतेक फोनचं अ‍ॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं तोंड) बदलत नाही. एफ/१.८ अ‍ॅपर्चर, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ५० आणि शटर १/५० ला भर उन्हात हवा त्यापेक्षा सहा स्टॉपहून थोडा जास्त उजेड येतो; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. एनडी ६४ फिल्टर (लेन्सवर लावायची उजेड कमी करणारी काच) सहा स्टॉप कापतो. उरलेला थोडासा फरक कलर करताना सावरता येतो. स्वस्त व्हेरिएबल एनडी (फिरवून ताकद बदलता येणारा) पूर्ण फिरवला की आकाशात काळपट फुली उमटते, त्यामुळे ठरावीक ताकदीचाच घ्या.

व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाप्रमाणे पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठीची सेटिंग) बाहेर ५६०० केल्विन, पिवळ्या बल्बखाली ३२०० वर लॉक करा.

आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर, ४८ किलोहर्ट्झला घ्या आणि नंतर चित्र-आवाज जुळवता यावेत म्हणून प्रत्येक टेकला क्लॅप द्या. फोनच्या मूळ कॅमेरा अ‍ॅपमध्ये फ्रेमरेट बऱ्याचदा स्थिर नसतो. ०.१ टक्का फरक पडला तरी दहा मिनिटांच्या टेकच्या शेवटी ओठ आणि शब्द अर्ध्या सेकंदाहून जास्त फाकतात. अशा फाइल्स एडिटला घेण्याआधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून बदलून घ्या.