आमची वाटचाल: गॅरेज, एक टॉर्क पाना आणि तीन हेड

गॅरेज दोघांनी मिळून काढलं, मी आणि पार्टनर. सुरुवातीला दोघांत एकच टॉर्क पाना, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळतोय ते दाखवणारा, तोही जुना काटेवाला. दिसायला गचाळ, पण त्यात स्प्रिंगच नाही तर बिघडणार काय? काटा शून्यावर आहे ना एवढं बघायचं आणि कामाला लागायचं. पुढे पार्टनर वेगळा झाला आणि जाताना तो पाना पण घेऊन गेला, जो दोघांच्या पैशातला होता, असो.

मग मी स्वस्तातला क्लिकवाला घेतला, आत स्प्रिंग, लावलेल्या आकड्याला पोचलं की टक वाजणारा, चकाचक, डबीत वगैरे. इथेच चुकलं. दोन महिन्यांत तीन गाड्या परत आल्या, तिन्ही अॅल्युमिनियमच्या ब्लॉकवाल्या (ब्लॉक म्हणजे इंजिनचं मुख्य धड, हेड म्हणजे त्यावर बोल्टने बसवलेलं झाकण), हेड बोल्टचे आटे बोल्टसकट वर. आम्ही बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने, पुस्तकाप्रमाणेच आवळत होतो हो! पण समोरच्या गॅरेजवाल्याने गावभर केलं की आमची पोरं बोल्ट आवळत नाहीत, पिळतात. गिऱ्हाईक तुटलं, दोन पोरं सोडून गेली, शटर ओढायची वेळ आली होती. तो माणूस आजही समोरून हसून नमस्कार करतो.

त्या तीन गाडीवाल्यांतले एक काका मात्र परत आले. आयुष्य कारखान्यात तपासणी खात्यात गेलेलं. भांडले नाहीत, एवढंच विचारलं, "पाना शेवटचा कधी तपासला?" मी गप्प. त्यांनीच पान्याचा चौकोनी ड्राइव्ह व्हाइसमध्ये धरला, हँडल आडवं ठेवलं, ड्राइव्हपासून ४० सेंमीवर, हँडलच्या मधोमध, १० किलो टांगलं. हिशोबाने ३९ न्यूटन मीटर (आवळण्याचा जोर यातच मोजतात), पाना ३९ वर लावलेला, टक व्हायला हवं. नाही झालं. १२ किलोलाही नाही. १४ ला टक झालं, म्हणजे जवळजवळ ५५! आणि आम्ही बिचारे टक ऐकू येईपर्यंत ओढत होतो. आयएसओ ६७८९ या टॉर्क पान्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे असल्या पान्याला चार टक्के इकडेतिकडे चालतं, हा चाळीस टक्के चुकत होता.

तिघांचेही आटे मी पदरचे पैसे घालून हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, टाकून दिले. नंतर चांगला पाना घेतला, कॅलिब्रेशन सर्टिफिकेटसकट (आकडा बरोबर दाखवतो हे तपासल्याचा दाखला), आणि पुढची वर्षं नीट गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

कोणी विचारलं नाहीये तरी सांगतो. पाना घेताना तुमचं रोजचं काम त्याच्या रेंजच्या मधल्या भागात येतंय का बघा, अगदी खालच्या टोकाला भरवसा धरू नका. काम झालं की स्केलवरच्या सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा, त्याच्याही खाली सैल करू नका. त्याने नट सोडवू नका, त्याला साधा पाना आहे. आट्यांना तेल लावलं तर त्याच आकड्यावर बोल्ट जास्त ताणला जातो, कोरड्यासाठी दिलेला आकडा तेलावर वापरू नका. आणि वर्षातून एकदा किंवा पाच हजार टक झाले की, जे आधी होईल तेव्हा, तपासून घ्या. पडला तर लगेच.

काकांची गाडी अजून आमच्याकडेच येते, आल्यावर आधी सर्टिफिकेटची तारीख बघतात. पार्टनरकडे तो काटेवाला अजून आहे म्हणे, चालतोय पण. मी मागायला गेलो नाही, निम्मा माझा आहे तरी.