१० सेकंदांनी ६.३ व्होल्ट

आमच्या टेस्ट बेंचवर ओव्हरव्होल्टेज कट-ऑफ बोर्ड (व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेपुढे गेलं की पुरवठा तोडणारे) तपासायला एक साधा रॅम्प जनरेटर लागत होता. व्होल्टेज शून्यापासून सेकंदाला १ व्होल्ट या वेगाने १० पर्यंत चढवायचं आणि बोर्डाचा रिले (विजेवर चालणारा स्विच) नेमका किती सेकंदांनी पडतो, म्हणजे ट्रिप होतो, ते काउंटरवर पाहायचं. ५ व्होल्टला ट्रिप होणारा बोर्ड ५ सेकंदांनी पडला पाहिजे, इतका सरळ हिशोब.

सर्किट आमच्या ज्युनिअर मुलीने बनवलं होतं आणि चांगलं बनवलं होतं. रेझिस्टरमधून कपॅसिटर चार्ज केला की व्होल्टेज सुरुवातीला भरभर चढतं आणि मग मंदावत जातं. कपॅसिटरला ठरलेला करंट दिला तरच रेषा सरळ येते. म्हणून तिने एक पीएनपी ट्रान्झिस्टर, बेसला संदर्भ म्हणून लाल एलईडी आणि एमिटरला ट्रिमपॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) घेऊन १ मायक्रोअँपिअरचा करंट सोर्स केला आणि तो १ मायक्रोफॅरडच्या पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटरला जोडला. करंट भागिले कपॅसिटन्स, म्हणजे सेकंदाला बरोबर १ व्होल्ट. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर वापरला नाही हे विशेष, कारण त्याच्या लीकेजनेच, म्हणजे आतल्या गळतीनेच, एवढा करंट गिळला असता.

त्या दिवशी सकाळी टेस्टिंगवाल्यांनी बोर्डांचा एक ढीग बाजूला काढून ठेवला होता. "हे उशिरा ट्रिप होतात, ५ च्या जागी ६.९ सेकंद." आदल्या दिवशी याच प्रकारचे बोर्ड पास झाले होते. फरक एकच, आज खात्रीसाठी कुणीतरी रॅम्पवर मल्टिमीटर लावून ठेवला होता.

मी एक बोर्ड लावला. काउंटर ६.९ ला थांबला, आणि त्या क्षणी मीटरवर ५.०० होते. म्हणजे बोर्ड अगदी जिथे पडायचा तिथेच पडत होता.

"सर, मग काउंटर खोटा?" ज्युनिअरने विचारलं.

"बोर्ड काढ, रॅम्प नुसता पुढे जाऊ दे. १० सेकंदांनी किती दाखवतो ते वाच."

तिने वाचलं, ६.३. मी म्हटलं, आणखी एकदा. पुन्हा ६.३.

या धंद्यात हा आकडा कुणाच्याही ओळखीचा असतो. कुठलाही आरसी, म्हणजे रेझिस्टरमधून चार्ज होणारा कपॅसिटर, एका टाइम कॉन्स्टंटमध्ये (रेझिस्टन्स गुणिले कपॅसिटन्स इतक्या वेळात) ६३ टक्के चार्ज होतो. आमची सरळ रेषा आता मुळीच सरळ नव्हती, ती १० व्होल्टकडे झुकणारा वक्र झाली होती आणि तिचा टाइम कॉन्स्टंट १० सेकंद होता. कपॅसिटर १ मायक्रोफॅरडचा, मग रेझिस्टर १० मेगाओहमचा. असा रेझिस्टर सर्किटमध्ये कुठेच नव्हता, पण बऱ्याच डिजिटल मल्टिमीटरचा इनपुट रेझिस्टन्स नेमका तेवढाच असतो. १० व्होल्टवर तो १ मायक्रोअँपिअर ओढतो, म्हणजे सोर्स देतो ते सगळंच. वक्र ५ व्होल्टला पोचायला १० गुणिले ०.६९३, म्हणजे ६.९ सेकंद. टेस्टिंगवाल्यांचा आकडा तोच!

पटावं म्हणून तसलाच दुसरा मीटर समांतर लावायला सांगितला आणि आधी कागदावर लिहिलं: ५ मेगाओहम, १० सेकंदांनी ४.३, आणि रॅम्प ५ च्या पुढे कधीच जाणार नाही. रॅम्प सोडला. १० सेकंदांनी ४.३ आले. पुढे आकडा ४.८, ४.९ असा रेंगाळत राहिला. बोर्ड जोडून पाहिला तर त्याचा रिले हललाच नाही. टेस्टिंगवाले आता मीटरकडे संशयाने बघू लागले. मीटर बिचारा आपलं काम चोख करत होता. ऑसिलोस्कोपचा प्रोब १० पटीवर, म्हणजे १० मेगाओहमवर, असतानाही एका मीटरसारखंच झालं असतं. एकपटीवर, म्हणजे १ मेगाओहमवर ठेवला असता तर रॅम्प १ व्होल्टशीच अडकला असता.

उपाय म्हणजे कपॅसिटरनंतर बफर, म्हणजे कपॅसिटरमधून करंट न ओढता तेच व्होल्टेज पुढे देणारा ऑपॲम्प (अँप्लिफायरची चिप). बोर्डाच्या इनपुटला जवळजवळ करंट न घेणारा फेट ऑपॲम्प असल्यामुळे बोर्डाचा भार नव्हताच, प्रश्न मोजणाऱ्यांचा होता. ड्रॉवरमध्ये एलएम३५८ हा ऑपॲम्प होता, पण त्याचा बायस करंट (इनपुट पिनमधून वाहणारा करंट) साधारण ४५ नॅनोअँपिअर, आणि तो पिनमधून बाहेर येतो. म्हणजे कपॅसिटरला फुकटात साडेचार टक्के जास्त करंट मिळून रॅम्प घाईला आला असता. टीएल०७२ या फेट इनपुटच्या ऑपॲम्पचा बायस पिकोअँपिअरमध्ये, तो लावला. त्याचं इनपुट निगेटिव्ह सप्लायपर्यंत उतरत नाही, म्हणून रॅम्प शून्यापासून सुरू व्हायला त्याला अधिक-उणे १५ व्होल्ट दिले. रीसेटला, म्हणजे कपॅसिटर पुन्हा शून्यावर आणायला, बटणाऐवजी २एन७००० हा ट्रान्झिस्टर घालावा असं एकाचं म्हणणं पडलं. त्याच्या डेटाशीटमध्ये बंद अवस्थेतलं लीकेज कमाल १ मायक्रोअँपिअर लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात ते खूपच कमी असतं हे खरं, पण माझा सगळा करंटच तेवढा असताना मी त्या भरवशावर राहणार नव्हतो. बटणच ठेवलं.

बफर लागल्यावर आउटपुटवर दोन्ही मीटर लावून बाजूला काढलेला ढीग पुन्हा तपासायला घेतला. बोर्ड पटापट ५ सेकंदांना पडत गेले आणि मध्येच एक ५.६ ला पडला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. बफरच्या आउटपुटवरचा मीटरही ५.६ च दाखवत होता. बोर्ड उलटून पाहिला, तर ट्रिपचं व्होल्टेज ठरवणाऱ्या संदर्भ डिव्हायडरमधला एक रेझिस्टर चुकीच्या किमतीचा निघाला.