डूमचा मुखवटा

"मामा, आयर्न मॅन आता व्हिलन झाला ना?" भाच्याने जेवता जेवता विचारलं आणि माझा घास हातातच राहिला.

अरे, तो आयर्न मॅन नाही, मार्व्हलचा खलनायक डॉक्टर डूम! १९६२ पासून कॉमिक्समध्ये ठाण मांडून बसलेला लॅटव्हेरिया या काल्पनिक देशाचा राजा. विज्ञान आणि जादू दोन्हींत पटाईत, आणि गर्व एवढा की जुना वैरी रीड रिचर्ड्सचं नुसतं नाव काढलं तरी भडकणार. चेहरा कायम धातूच्या मुखवट्याआड.

आणि त्याच्यासाठी निवडला कोण, तर अख्ख्या जगाला पाठ असलेला चेहरा. आधीच्या सिनेमांत आयर्न मॅन झालेला रॉबर्ट डाउनी ज्युनियर! नट थोरच, वादच नाही. पण पोराचं तरी काय चुकलं?

माझं विचाराल तर डिसेंबर २०२६च्या 'अ‍ॅव्हेंजर्स: डूम्सडे' सिनेमात त्याने मुखवटा शेवटपर्यंत काढूच नये. पण एवढे पैसे मोजून घेतलेला चेहरा मार्व्हलवाले झाकून ठेवतील?