पाचच्या बोटीची दोन तिकिटं

मी टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टन बंदरातून सुटणाऱ्या एका क्रूझ जहाजावर शोअर एक्सकर्शनच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या सहलींच्या, डेस्कवर नोकरी करतो. जहाज मेक्सिकोच्या कोझुमेल बेटाला लागलं की आमची सगळ्यात जास्त खपणारी सहल तुलुमची. बेटावरून फेरीबोटीने पाऊण तासात प्लाया देल कार्मेन, तिथून बसने तासभर दक्षिणेला, समुद्राच्या कड्यावरचं, माया लोकांचं तटबंदीचं जुनं नगर बघायचं आणि आल्या वाटेने परत.

लोकांना वाटतं, मी अवशेष दाखवतो. ते काम स्थानिक गाइडचं. आमचे गाइड उत्तम आहेत. किनाऱ्याकडे येणाऱ्या होड्यांना वाट दाखवणारी कास्तियो ही उंच इमारत, देवळाच्या दारावर कोरलेला उलटा उतरणारा देव, हे ते इतक्या जीव ओतून सांगतात की मला अजून कंटाळा येत नाही. माझं काम माणसं मोजायचं. छातीवर सहलीचा नंबर चिकटवला की ते माणूस माझ्या यादीवर आलं. जहाजाच्या शिडीपाशी मोजायचं, फेरीत चढताना, बसमध्ये, तुलुमच्या फाटकावर, आणि परतताना पुन्हा सगळीकडे. मोजताना मी कुणाशी बोलत नाही, कुणी हाक मारली तरी बघत नाही. कारण कंपनी सहल विकताना एक वचन देते: आमच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबेल, आणि नाहीच थांबता आलं तर पुढचा खर्च आमचा. स्वतःच्या पैशाने फिरायला गेलेल्यांसाठी ते वचन नाही. त्या दोन गटांमधली रेघ म्हणजे माझ्या हातातला कागद.

दुसरी गोष्ट घड्याळाची. कोझुमेल ज्या किंताना रो राज्यात आहे, त्याने 2015 मध्ये आपली वेळ बदलली आणि आता तिथे वर्षभर एकच वेळ असते. हिवाळ्यात टेक्सासची वेळ तिच्या एक तास मागे पडते. आमचं जहाज टेक्सासच्याच वेळेवर राहतं आणि फेरीबोटी तिथल्या वेळेवर. जहाजावर घोषणा होते, 'तुमची घड्याळं बदलू नका.' जहाज पकडायला हे ठीक आहे. फेरी पकडायला हाच सल्ला घातक आहे, आणि तो भाग कोणी सांगत नाही.

ही गोष्ट जानेवारीतली आहे. तुलुमला दुपारीच हवा फिरली. तिकडे हिवाळ्यात उत्तरेकडून गार वारा सुटतो, त्याला नॉर्ते म्हणतात. कोझुमेलच्या खाडीत पाण्याची ओढ कायम उत्तरेकडे असते. त्यावर उलटा नॉर्ते आला की लाटा लांब न राहता उभ्या आणि आखूड होतात आणि बोट आपटत जाते. बंदराचा कप्तान मग वाहतूक बंद करतो, त्यापुढे कोणाचं काही चालत नाही. गाइडने समुद्राचा रंग बघितला आणि समुद्रावर डुंबायला ठेवलेला वेळ रद्द करून सगळ्यांना बसमध्ये बसवलं. दोन-तीन जणांनी पैसे परत मागितले. तो माणूस नसता तर आम्ही सगळेच प्लायात राहिलो असतो.

धक्क्यावर पोचलो तेव्हा पाचची बोट ही शेवटची असं सांगितलं जात होतं. तिकीटखिडकी बंद झाली होती, रांग रस्त्यापर्यंत गेली होती. आमच्या गटाला बाजूच्या फाटकातून सोडत होते. माझ्या हातात दोन तिकिटं जास्तीची होती, कारण सकाळी एक जोडपं बोट लागेल म्हणून आलंच नव्हतं.

तेवढ्यात एक तरुण धावत आला. गळ्यात आमच्याच जहाजाचं कार्ड. माझ्या बिल्ल्यावर 'इंडिया' वाचून आधी हिंदीत बोलला, मग माझं नाव बघून मराठीत. मागे त्याची बायको आणि आईवडील. ह्यूस्टनला नोकरी, आईवडील कराडकडून सहा महिन्यांसाठी आलेले. टॅक्सीने आपले आपण फिरायला गेले होते आणि चारच्या बोटीने परतणार होते. हातातल्या घड्याळात अजून चार वाजायचे होते. ते जहाजाचं घड्याळ होतं. घोषणेत सांगितलं तेच त्याने केलं होतं.

"माझ्याकडे दोनच आहेत," मी म्हटलं.

त्याने बायकोकडे बघितलं आणि लगेच म्हणाला, "आई-बाबांना न्या. आम्ही बघतो आमचं."

काका म्हणाले, "आम्ही नाही जाणार." काकू म्हणाल्या, "अहो, इन्सुलिन जहाजावर आहे." त्यापुढे बोलायला वेळ नव्हता. मी काकूंचा हात धरला आणि काका मागून आले.

त्या पाऊण तासाच्या प्रवासाला सव्वा तास लागला. खलाशी पिशव्या वाटत फिरत होते. काकू डोळे मिटून स्तोत्र पुटपुटत होत्या, काका पूर्ण वेळ मागच्या काचेकडे तोंड करून बसले होते.

जहाज आमच्यासाठी थांबलं होतं. मागे राहिलेल्या मुलासुनेसाठी थांबणं शक्य नव्हतं, आणि हे मी कंपनीची बाजू घेऊन म्हणत नाही. कोझुमेलचे धक्के बेटाच्या पश्चिमेला आहेत. एरवीच्या पूर्वेच्या वाऱ्यापासून ते आडोशाला असतात, नॉर्तेपुढे उघडे पडतात. एवढं उंच जहाज वाऱ्याने धक्क्यावर दाबलं गेलं तर सुटणंच मुश्कील. कॅप्टनचं बरोबर होतं.

असा कोणी मागे राहिला की जहाज सुटण्याआधी त्याचे पासपोर्ट पोर्ट एजंटच्या, म्हणजे बंदरावरच्या कंपनीच्या प्रतिनिधीच्या, हाती द्यावे लागतात. आमच्याकडे भारतीय पासपोर्ट चढतानाच जमा होतात, म्हणून ते लगेच मिळाले. केबिनची तिजोरी सिक्युरिटीच्या दोघांनी वहीत नोंद करून उघडली. त्यातली व्हिसाची कागदपत्रं पाकिटात गेली. एजंट बाई पावसात शिडीखाली उभ्या होत्या. पाकीट त्यांनी जाकिटाच्या आत घातलं आणि माझ्याकडून त्या दोघांचा फोन नंबर आणि मराठी उच्चारांसकट नावं लिहून घेतली. किनाऱ्यावरच्या अशा माणसांवर आमचा सगळा धंदा उभा आहे आणि जहाजावर त्यांचं नावही कोणाला ठाऊक नसतं.

दुसरा दिवस समुद्रातला. दुपारी निरोप आला: बंदर उघडलं, पासपोर्ट पोचले, कॅनकूनहून दुसऱ्या दिवशीचं विमान मिळालं. म्हणजे गॅल्व्हस्टनला उतरताना मुलगा नसणार. मी सांगायला गेलो तेव्हा काकू सुनेच्या केबिनमध्ये तिचे कपडे घडी करून बॅगेत भरत होत्या. रात्री सामान दाराबाहेर ठेवायचं असतं ना, त्यासाठी. सुनेची एक ओढणी त्यांनी स्वतःच्या पर्समध्ये ठेवली.

काका मला बाहेर घेऊन गेले. "तुमचे उपकार आहेत. पण चौघं एकत्र राहिलो असतो तर बरं झालं असतं. पोरगी परक्या मुलखात, आणि आम्ही इथं तीन वेळा जेवतोय."

"इन्सुलिन?" मी विचारलं.

"ते तिथंही मिळालं असतं," काका म्हणाले.

मिळालं असतं. प्लाया देल कार्मेनमध्ये कोपऱ्याकोपऱ्यावर औषधाची दुकानं आहेत, मला ती माहीत आहेत. पण पासपोर्ट नसलेले चौघे, त्यात दोन म्हातारी माणसं, वादळाची रात्र, हे चित्र समोर आणलं की मला पुन्हा वाटतं, बोटीवर घेतलं तेच बरं. मग काकांचा चेहरा आठवतो. अजून माझं एकमत होत नाही.

उतरायच्या दिवशी मी परवानगी काढून दोघांबरोबर इमिग्रेशनच्या रांगेपर्यंत गेलो. हमालाला दोनाऐवजी चार माणसांच्या बॅगा दाखवायच्या होत्या. अधिकाऱ्याने विचारलं, बरोबर कोण आहे? काकांनी स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, "माय सन इज कमिंग बाय एअर." ह्यूस्टनजवळच्या शुगरलँडहून मुलाचे शेजारी न्यायला आले होते. जहाजावर नवे प्रवासी चढण्याआधी जुना एकही माणूस आत नाही याची खात्री करावी लागते. त्या मोजणीसाठी मला बोलावणं आलं आणि मी परत फिरलो.

संध्याकाळी माझ्या वरिष्ठांनी अहवाल समोर ठेवला. यादीबाहेरची दोन माणसं सहलीच्या तिकिटावर आणली. त्यांना बोटीत इजा झाली असती तर विमा कोणाचा? प्रश्न खोटा नाही. पण त्यांना तो एवढाच दिसला. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं की फेरीची वेळ आणि जहाजाची वेळ शेजारी शेजारी लिहिलेला फलक शिडीपाशी लावावा, आणि घोषणेत ते एक वाक्य वाढवावं. उत्तर आलं, फेरीची तिकिटं आपण सुटी विकत नाही, त्यामुळे ती माहिती देणं आपलं काम नाही. पुढच्या कोझुमेलला मी तीच मागणी पुन्हा पाठवली, या वेळी कॅप्टनच्या कार्यालयाला. उत्तर यायचं आहे.