मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुना स्कोप घ्यायला जाताय? स्वतःचा प्रोब न्या

दुकानदाराने बोट लावून दाखवलेल्या लहरीवर एक रुपयाही देऊ नका. बाकी सगळं नंतर. (स्कोप म्हणजे ऑसिलोस्कोप, विजेची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र; प्रोब म्हणजे त्याला जोडायची टोकदार वायर.)

मला हवा होता एचएम २०३, इंदूरच्या सायंटिफिक कंपनीचा, दोन चॅनल (एकाच वेळी दोन लहरी दाखवणारा), २० मेगाहर्ट्झ. कॉलेजच्या लॅबमध्ये हमखास दिसणारा. माळ्यावरच्या गोदामात एक निघाला. पडद्यावर रेघ आली, दुकानदाराने प्रोबच्या टोकाला बोट टेकवलं, लहर उमटली. "देखो साब, सेट एकदम ओके." ती लहर म्हणजे आजूबाजूच्या वायरिंगमधून अंगात येणारे ५० हर्ट्झ. ट्यूब आणि तो चॅनल जिवंत आहे, एवढंच त्यातून कळतं.

माझा प्रोब काढला आणि स्कोपच्याच कॅलिब्रेशन पिनला लावला. तिथे १ किलोहर्ट्झची चौकोनी लहर मिळते. टाइमबेस (एक आडवा चौकोन किती वेळाचा ते ठरवणारा नॉब) ०.२ मिलिसेकंदावर, व्हेरिएबल नॉब 'कॅल'वर, म्हणजे ठरलेल्या मापावर: एक लहर ५ चौकोनांत बसली पाहिजे. ती बसली. मग व्होल्टचा नॉब एकेक टप्पा फिरवला. चॅनल २ वर दोन टप्प्यांना लहर हवी त्याच्या अर्धीच. "कार्बन आया है, स्प्रे मारो." कार्बन, म्हणजे नॉबच्या आतल्या संपर्कांवर साचलेला मळ, असेल तर नॉब मागेपुढे फिरवताना लहर फडफडते, मध्येच नीट होते. इथे दर वेळी तितकीच अर्धी. म्हणजे आतला रेझिस्टर गेलाय. सोडा.

त्याहून वाईट म्हणजे प्लगची अर्थची पिन कापलेली. एसएमपीएस (टीव्ही-कॉम्प्युटरमधले पॉवर सप्लाय) दुरुस्त करणारे हे सर्रास करतात. स्कोपची बॉडी आणि प्रोबची ग्राउंड क्लिप आतून जोडलेली असते. अर्थ नसताना ती क्लिप मेन्सच्या (भिंतीतल्या विजेच्या) बाजूला लागली की समोरच्या बीएनसीवर (प्रोब जोडायच्या धातूच्या सॉकेटवर) ३२५ व्होल्टपर्यंत येतं आणि तुमचा हात तिथेच असतो. असा सेट दिसला तर आधी वायर बदला, मगच चालू करा.

आणि प्रोब! सेटचा भाव ठरल्यावर "प्रोब का अलग" म्हणून एका जुन्या, हूक तुटलेल्या प्रोबचे बाराशे मागितले. त्याच रस्त्यावर नव्याची जोडी त्याहून कमीत मिळाली. हा सरळ लुटण्याचा प्रकार आहे. भाव करतानाच प्रोबसकट बोला, नाहीतर सेटचाच बोला.

पुढच्या गल्लीत दुसरा मिळाला, दोन्ही चॅनल शेवटच्या टप्प्यापर्यंत चोख. वीस मिनिटं तापू दिला, रेघ जागची हलली नाही. इतका आनंद झाला की घासाघीस अर्ध्यावर सोडली. तुम्ही सोडू नका.

रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. ग्रँट रोड स्टेशनवरून पूर्वेला चालत जाता येतं. मात्र सात-आठ किलोचा डबा घेऊन संध्याकाळच्या विरार गाडीत चढणं अशक्य आहे. चारच्या आत निघा, मालडब्यात बसा आणि ट्यूबचं तोंड आपल्याकडे ठेवा.