पंचनाम्यातल्या सात थाळ्या

तालुक्याच्या कोर्टात फौजदारी कामं करायला लागून मला एकोणीस वर्षं झाली. खून-मारामारीच्या कित्येक केसेस विसरलो, पण सात थाळ्यांच्या केसची ती तारीख लख्ख आठवते.

आदिवासी वसतिगृहातली मुलं होती. तिथे २०१८ पासून जेवणाचे पैसे थेट मुलांच्या खात्यावर जमा करायची पद्धत आली. या मुलांचे तीन महिन्यांचे पैसे थकले होते. अर्ज दिले, पोच घेतली, उत्तर आलं नाही. मग सात जण कार्यालयासमोर बसले आणि रिकाम्या थाळ्या वाजवायला लागले. अर्ध्या तासात गाडी आली. जमावबंदी मोडली म्हणून महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७(३) आणि १३५ लागलं. पंचनाम्यात लिहिलं होतं : स्टीलच्या थाळ्या ७ नग, चमचे ७ नग.

पुढे पावणेतीन वर्षं तारखा. त्या दिवशी साक्षीदार हजर होते आणि मुलं व्हरांड्यात माझी वाट बघत होती. प्रत्येकाने दंडासाठी पैसे आणलेले. "सर, आज कबूल करून टाकतो. दंड भरतो आणि सुटतो."

कोर्टात हा सल्ला चहावाल्यापासून सगळे देतात. मीही अनेकांना दिलाय. पण सातातल्या एकाचं पोलीस भरतीचं ग्राउंड निघालं होतं, लेखीही निघाली होती, आणि आता चारित्र्य पडताळणी होती. त्याने मोबाईलवर फॉर्म उघडून मला दाखवला. अटक झाली होती का, खटला चालू आहे का, शिक्षा झाली आहे का. त्याचा अंगठा त्या तिसऱ्या प्रश्नावर थांबलेला.

मी त्यांना तिथेच, जिन्याजवळ उभं राहून समजावलं. दंड भरला की सुटका होत नाही, शिक्षा झाली अशी नोंद होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली, नोकरीच्या वेळी गुन्ह्याची माहिती दडवण्याबद्दलच्या अवतार सिंग प्रकरणात, क्षुल्लक गुन्ह्याचं उदाहरण देताना तरुण वयात दिलेल्या घोषणांचाच उल्लेख केलाय. तरी त्याकडे दुर्लक्ष करायचं की नाही, हे नेमणूक करणाऱ्यावरच सोडलंय. मुलं बाजूला जाऊन बोलली. भरतीवाला परत आला. "चालवा, सर."

उलटतपासाला हवालदार उभे राहिले. सरळ माणूस.

"मुलांच्या हातात काय होतं?"

"थाळ्या, चमचे."

"थाळीने कुणाला मारलं?"

"नाही. वाजवत होते."

"घोषणा काय होत्या?"

ते जरा थांबले. "आमचं जेवण द्या, म्हणत होते."

"जमावबंदीचा आदेश त्यांना वाचून दाखवला होता?"

"मला माहीत नाही."

न्यायाधीशांनी शब्द न् शब्द टंकलेखकाला सांगून उतरवून घेतला. भरतीवाला मुलगा मागच्या बाकावर मान खाली घालून बसला होता. जेवणाचं वाक्य ऐकल्यावर त्याने मान वर केली.

दुपारी युक्तिवाद झाला. संविधानाचा अनुच्छेद १९ शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क देतो. मी हिंमतलाल शाह प्रकरणाचा १९७२ चा निकाल ठेवला. अहमदाबादमध्ये विद्यार्थ्यांच्या संपानिमित्त सभा घ्यायची होती आणि पोलिसांनी परवानगी नाकारली होती. कायदा हाच, तेव्हाच्या नावाने मुंबई पोलीस कायदा, १९५१. पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितलं की सभेचं नियमन करता येईल, पण रस्त्यावरची सभा बंदच करता येईल असा मोकाट अधिकार पोलिसांना देता येणार नाही. थाळी हे शस्त्र आहे का, हे सरकारी वकिलांनीच सांगावं, असंही मी म्हणालो. ते काही बोलले नाहीत.

पुढच्या आठवड्यात सातही जण निर्दोष सुटले. आदेश जाहीर केल्याचा पुरावाच आला नव्हता.

पण मला राग येतो तो मधल्या पावणेतीन वर्षांचा. त्या काळात त्यांच्यापैकी एकानेही कुठल्या मोर्चात पाय ठेवला नाही. वसतिगृहात नवी मुलं आली, पैसे पुन्हा थकले, तेव्हा याच मुलांनी त्यांना सांगितलं : अर्जावर सही करा, पण बसायला जाऊ नका. शिक्षा व्हायच्या आधीच त्यांचा हक्क गेला होता, आणि त्याची नोंद कुठल्याच निकालात नाही.

अपिलाची मुदत संपल्यावर भरतीवाला मुलगा निकालाची नक्कल घेऊन मुद्देमाल सोडवायला आला. कारकुनाने पोतं उघडलं. थाळ्यांच्या कडेला खिळ्याने खोलीचे नंबर कोरलेले होते. त्याने स्वतःची शोधून काढली, मग उरलेल्या सहाही मागून घेतल्या आणि रजिस्टरवर सातांच्या वतीने सही केली.