सुई टोचली म्हणून पसरला का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. विचारणारे तुम्ही पहिले नाही. मी कॅन्सरच्या पेशी वाढवते, त्यातला आरएनए, म्हणजे डीएनएवरून उतरवलेली नक्कल, काढून मोजते, एवढं कळलं की लग्नाच्या पंगतीतसुद्धा कुणीतरी जवळ सरकून हळूच विचारतं, "गाठ होती तोवर सगळं बरं होतं. तपासायला सुई टोचली आणि पसरला. खरं का हो?"

मला पहिल्यांदा हे कराडकडच्या काकांनी विचारलं. मावशीच्या छातीतल्या गाठीतून सुईनं नमुना घेतला, मग ऑपरेशन झालं, केमो झाली, आणि वर्षभरानं फुप्फुसात डाग दिसले. काका म्हणाले, "तू त्यातलीच हायस. सुई घातली नसती तर पसरला असता का गं?"

नाही, काका. काही थोड्या अवयवांत सुईच्या वाटेवर पेशी सांडल्याची विरळ उदाहरणं आहेत, आणि तिथे डॉक्टर सुई घालण्याआधीच तो विचार करतात. पण छातीतली गाठ फुप्फुसात जाते ती सुईमुळे नाही. गाठीत रक्तवाहिन्या आधीपासून असतात आणि पेशी त्यातून रोज सुटत असतात. त्यातल्या बहुतेक वाटेतच मरतात. बाहेर पडणं सोपं असतं, परमुलखात जगून तिथे नवी गाठ उभी करणं अवघड. ते जमतं त्या पेशीत काय वेगळं असतं, हा माझ्या पोटापाण्याचा प्रश्न आहे.

काकांना मी लव्हाळ्याचं उदाहरण दिलं. वरची पात कितीही खुरपली तरी मातीत गाठ राहिली की तो पुन्हा उगवतो. कॅन्सरच्या गाठीतही काही पेशी अशा असतात. शरीरातल्या बाकीच्या पेशी ज्यांच्यापासून बनतात त्या मूलपेशी, म्हणून यांना मूलपेशींसारख्या म्हणतात. स्वतःसारख्या पेशी त्या बनवत राहतात आणि पुष्कळदा केमोलाही दाद देत नाहीत. पण उदाहरण इथे अपुरं पडतं. लव्हाळ्याची पात पुन्हा जमिनीखालची गाठ होत नाही. कॅन्सरची साधी पेशी मात्र मूलपेशीसारखी होऊ शकते, आणि त्यासाठी दर वेळी जनुकात नवा बिघाड लागतोच असं नाही. डीएनए तोच राहतो, त्यातलं काय वाचायचं आणि काय गप्प ठेवायचं एवढंच बदलतं.

आरएनए म्हणजे कोरोनाच्या लसीतला तोच ना, असं विचाराल. हो, पण लसीतला लांब असतो, प्रथिन बनवायचा निरोप घेऊन जाणारा. मी मोजते ते मायक्रो-आरएनए, जेमतेम २२ अक्षरांचे. ते प्रथिन बनवत नाहीत. दुसऱ्याच्या निरोपाला चिकटतात आणि तो दाबतात.

हे सापडलं एका मिलिमीटरभर लांबीच्या जंतात. १९९३ मध्ये व्हिक्टर अ‍ॅम्ब्रॉस यांच्या प्रयोगशाळेनं पहिला मायक्रो-आरएनए शोधला, २००० मध्ये गॅरी रव्हकन यांच्या प्रयोगशाळेनं लेट-७ नावाचा दुसरा शोधला, आणि २०२४ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. लेट-७ नसेल तर जंताच्या काही पेशी मोठ्या होतच नाहीत. अळीच्या वयातल्यासारख्या विभागत राहतात. तोच लेट-७ अक्षरशः तसाच माणसातही आहे. आपल्याकडे तो पेशीला म्हणतो, पुरे झालं बालपण, आता कामाला लाग.

२००७ मध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या मूलपेशीसारख्या पेशी तपासल्या, तेव्हा त्यात लेट-७ फारच कमी निघाला. तो बाहेरून घातल्यावर त्यांची गाठ धरायची आणि उंदरांत पसरायची ताकद उतरली. लेट-७ला तयारच होऊ न देणारं लिन-२८ नावाचं प्रथिन आहे. त्याच वर्षी माणसाच्या त्वचेच्या पेशींना उलट्या वाटेनं मूलपेशी बनवण्यात आलं, तेव्हा एका प्रयोगशाळेनं वापरलेल्या चार घटकांत एक लिन-२८ होतं. हे वाचलं तेव्हा मी चहा विसरले होते.

आमच्याकडे गाठ धरायची ही ताकद मोजायची रीत साधी आहे. पेशींना तळाला चिकटता येणार नाही अशा प्लेटमध्ये, सीरम, म्हणजे पेशींना पोसणारा रक्तातला द्रव, न देता ठेवायचं. बहुतेक मरतात. काही तरंगत वाढतात आणि आठवडा-दहा दिवसांत गोळे होतात, साबुदाण्यासारखे, फक्त मायक्रोस्कोपखाली दिसणारे. मग त्यातला आरएनए काढायचा. आपल्या बोटांवरच आरएनए खाणारी एन्झाइम्स असतात, ग्लोव्हज न बदलता चुकून नळीला हात लागला की आठवड्याचं काम पाण्यात. मी ते दोनदा केलंय.

पसरण्यासाठी पेशीला शेजारणीचा हात सोडावा लागतो. तो हात धरून ठेवतो मिर-२०० नावाचा मायक्रो-आरएनए. हात सोडायला लावणारं प्रथिन झेब-१. दोघं एकमेकांना दाबतात, त्यामुळे एक वर गेला की दुसरा खाली. मिर-२०० कमी झाला की पेशी सुटी होते, सरपटते, आणि तिच्यात मूलपेशीपणाही येतो. गंमत पुढे आहे. उंदरांवरच्या कामात दिसलं की फुप्फुसात पोचल्यावर नवी गाठ धरायला मिर-२०० उलट मदतच करतो. म्हणून "हा चांगला, तो वाईट" अशी वाटणी करून कुणी समजावू लागलं की मी अस्वस्थ होते.

मग द्या की हे औषध म्हणून, असंही लोक सांगतात. दिलं होतं. मूलपेशीपणा दाबणाऱ्या मिर-३४ची नक्कल चरबीच्या थेंबात भरून २०१३ पासून रुग्णांना देऊन पाहिली. २०१६ मध्ये ती चाचणी थांबवावी लागली, कारण काही रुग्णांची प्रतिकारशक्ती त्यांच्यावरच भयंकर उलटली. प्लेटमध्ये गोळे विरघळले म्हणून मी आता नाचत नाही.

काकांनी हे सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा म्हणाले, "म्हंजे सुईच्या आधीच त्यात ते होतं." हो म्हटलं. बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "आम्ही सुईच्या भीतीनं चार महिने थांबलो हुतो. त्याचं काय?"

चार महिन्यांनी काही बिघडलं नसतं, असं मी म्हणाले. काकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. तुम्ही विचारलंत, तर तुम्हाला मी तसं सांगणार नाही.